तक्रारवहीचं माहितीपत्रक

माणूस पारखण्यात माझा हात धरणारा अजून जन्माला यायचाय! लोखंड कापणाऱ्या लेथवर उभा राहिलेला कारागीर मी पाच मिनिटांत ओळखतो. मग एक लेखक निवडणं ते काय मोठं?

आमचा पंपांचा छोटा कारखाना. मी, सूनबाई, एक फिटर आणि दोन लेथ, एवढाच पसारा. गेलं वर्ष वाईट गेलं होतं. एका कागद कारखान्याला बारा नवे पंप हवे होते. ती ऑर्डर मिळाली तर निभावलं; नाहीतर महिनाअखेरीस मोठा लेथ विकायचा आणि फिटरला घरी बसवायचं, इथवर पाळी आली होती.

"बाबा," सूनबाई म्हणाली, "आपलं माहितीपत्रक बघून लोक आपल्याला पंक्चरवाले समजतात. यंत्रांबद्दल लिहिणारी एक लेखिका शोधलीय मी. ती कुणाच्या नोकरीत नाही, कामापुरती येते. मी आठवडाभर गिऱ्हाइकांच्या फेरीवर चाललेय. तुम्ही तिला माहिती द्या. फक्त माहिती!"

"अगं, तू निर्धास्त जा!" मी म्हणालो.

लेखिका आली. खांद्याला पिशवी, हातात वही. मी तिच्यासमोर एक पंप ठेवला, तिच्या देखत खोलला आणि म्हणालो, "लाव परत."

"काका, मी लिहायला आलेय!"

"लिहिणारीला जोडता यायलाच पाहिजे."

पोरीने बाह्या सरसावल्या आणि वीस मिनिटांत पंप लावला! एक वॉशरसुद्धा उरला नाही. आमचा फिटर गेली पंचवीस वर्षं पंप जोडतोय, त्याच्याकडे दर वेळी एखादा उरतोच. मी तिथल्या तिथे तिला पास करून टाकलं.

दोन दिवसांनी ती मजकूर घेऊन आली. मी चष्मा लावला आणि वाचला. 'भरवशाचा. टिकाऊ. कमी खर्चात जास्त काम. वर्षानुवर्षं साथ देणारा.'

"हे पंपाबद्दल आहे की जावयाबद्दल?" मी विचारलं.

"काका, जाहिरातीत असंच लिहितात."

"छे! असलं कुणीही लिहील. थांब, मी तुला खरं लिखाण दाखवतो."

आता इथे एक सांगायला हवं. मला अक्षरओळख झाली ती साठीला टेकल्यावर. सूनबाईने शिकवलं. सरावासाठी तिने मला तक्रारवही दिली. गिऱ्हाइकाने बिघाड कळवला की तो मी लिहायचा आणि त्याखाली इलाजही लिहायचा. नऊ वर्षांत तीन वह्या भरल्या. आयुष्यात जे काही लिहिलंय ते सगळं त्यांत आहे. मी त्या वह्या तिच्या पुढ्यात ठेवल्या.

ती वाचत गेली आणि तिचे डोळे मोठे होत गेले. 'दीड वर्षात गॅस्केट कडक होतं. मग पंप बोळक्या तोंडाच्या म्हाताऱ्यासारखा चुळा टाकतो. गॅस्केट बदला, वरचा नट आधी सोडू नका.' 'बेअरिंग गेलं की रागावलेली बाई भांडी घासते तसा आवाज येतो. ताबडतोब बंद करा.' 'पंप कोरडा चालवलात तर सील जळते. दोष तुमचा, पण पंपही नाजूकच.'

"काका, हे जबरदस्त आहे!" ती म्हणाली. "पण हे तर..."

"हेच छाप!"

"हे माहितीपत्रकात? खरंच?"

"एक अक्षर बदलायचं नाही."

"एकदा वहिनींना फोन करू का?"

"कारखान्याचा मालक कोण? मी की वहिनी?"

तिने तीनदा विचारलं. मला वाटलं, कौतुक करतेय! शेवटी तिने मंजुरीचा कागद पुढे केला. मी त्यावर पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, टाकलं.

छापून आलं तेव्हा मी हरखून गेलो. माझी वाक्यं! आणि तीही गुळगुळीत कागदावर, रंगीत! त्याच दुपारी मी आणि फिटरने दोनशे पाकिटं चिकटवून टपालात टाकली. पहिलं अर्थात कागद कारखान्याला.

सूनबाई परतली. मी अभिमानाने एक प्रत तिच्या हातात दिली. तिने पहिलं पान वाचलं. मग ती खुर्चीवर बसली. खरं तर खुर्ची जरा बाजूला होती, ती फिटरने वेळेवर सरकवली.

"बाबा... यात आपल्या पंपाचे एकतीस बिघाड आहेत."

"बत्तीस! मागच्या पानावर एक आहे."

"हे कुणाकुणाला गेलं?"

"सगळ्यांना!" मी म्हणालो, आणि म्हणता म्हणता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. घरात आलेल्या वरपक्षासमोर आपल्याच मुलीच्या खोड्यांची यादी वाचावी, तसं मी करून बसलो होतो! फिटर कोपऱ्यात मोठ्या लेथवरून हळूहळू हात फिरवायला लागला. त्याच्याकडे बघवेना.

दहाव्या दिवशी कागद कारखान्यातले देखभालीचे साहेब स्वतः दारात उभे! हातात आमचं माहितीपत्रक, ग्रीसने काळंकुट्ट झालेलं.

"हे कुणी लिहिलं?"

फिटरने मुकाट माझ्याकडे बोट केलं. इतक्या वर्षांची सोबत, आणि हा मोबदला!

साहेब तरातरा आले आणि त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "काका! आमच्याकडे एका बड्या कंपनीचे अठरा पंप आहेत. त्यांच्या माहितीपत्रकात धबधबा आहे, हसणारी पोरं आहेत. पंप चुळा टाकायला लागला की काय करायचं, ते कुठेच नाही! तुमचं वाचून आमच्या पोरांनी एका आठवड्याच्या आत बारा बंद पंप चालू केले!"

मी छाती फुगवून सूनबाईकडे पाहिलं. तिचाही चेहरा उजळला होता. "मग साहेब, बारा नव्या पंपांची ऑर्डर..."

"नवे?" साहेब चकित झाले. "नवे आता कशाला? जुनेच चालायला लागले की!"

माझ्या लिखाणाने आमचंच गिऱ्हाईक दुरुस्त करून टाकलं होतं!

"पण उरलेल्या सहांचे शाफ्ट पार झिजलेत," साहेब म्हणाले. "तुमच्याकडे मोठा लेथ आहे ना? ते नवे करून द्या. आणि इथून पुढे आमची सगळी दुरुस्ती तुमच्याकडेच."

फिटरने लेथवरचा हात काढला आणि डोळे पुसले. वर म्हणतो, "मालक, लोखंडाचा कीस गेला डोळ्यात." लेथ बंद होता!

साहेब निघाले. दारात थांबून म्हणाले, "याच्या आणखी वीस प्रती मिळतील का? आमच्या शेजारच्या कारखान्यांनाही नवे पंप घ्यायचेत, त्यांना देतो."

सूनबाई झटकन माझ्याकडे वळली. शहाण्या माणसाने त्या क्षणी तोंड मिटून बसावं. मी म्हणालो, "वीस कशाला साहेब, पन्नास न्या! बत्तिसावा बिघाड मागच्या पानावर आहे, तेवढा चुकवू नका म्हणावं!"