पालकांना घेऊन या

बाईंच्या टेबलाच्या खणात फोन थरथरला आणि नववीचा वर्ग चिडीचूप झाला. फोन बाईंचाच होता. परगावी दिलेल्या मुलीला पहाटे दवाखान्यात नेलं होतं. पहिलंच बाळंतपण, त्यात डॉक्टरांनी काळजीचं बोलून ठेवलेलं. म्हणून बाईंनी आज फोन पर्समध्ये लपवून आणून खणात ठेवला होता. वर्गात फोन सापडला की बंद करून कपाटात आणि पालक येऊन नेईपर्यंत कपाटातच, मुलांना काय नि शिक्षकांना काय, हा नियम त्यांनीच केलेला. मागच्याच आठवड्यात एका मुलीने भाऊ दवाखान्यात आहे म्हणून सवलत मागितली, तेव्हा "तिथे डॉक्टर आहेत, तुझ्या फोनवाचून काही अडत नाही," असं बाईंनी तिला ऐकवलं होतं.

खण पुन्हा घरघरला. बाईंच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "कोणाचा आहे? मुकाट्याने आणून ठेवा."

पहिल्या बाकावरची हुशार मुलगी रडवेली होऊन उठली आणि दप्तराच्या तळातून फोन काढून टेबलावर ठेवून गेली. बिचारीला वाटलं, आपलाच वाजला. घरघर काही थांबेना, तेव्हा आणखी चौघं-पाचजण खाली मान घालून आले. टेबलावर ढीग झाला. लेकीचं काय झालं असेल या विचाराने बाईंच्या हातातला खडू मोडला.

तेवढ्यात मुख्याध्यापक फेरीवर आले. ढीग पाहून खूश झाले, बाईंचं कौतुक करू लागले आणि ऐन कौतुकात खण वाजला. सगळा वर्ग खणाकडे बघायला लागला. भाऊ दवाखान्यात असलेली मुलगी मात्र बाईंकडेच बघत होती.

बाईंनी खण उघडला. फोनवर जावयाचं नाव होतं. तुमची गोष्ट वेगळी, असं सर चाचरत म्हणाले. ते एवढं म्हणाले नसते, तर बाईंनी कदाचित फोन उचललाही असता.

"वेगळी कशी?" बाई म्हणाल्या. त्यांनी फोन बंद करून ढिगावर ठेवला आणि ढीग कपाटात गेला.

खरी पंचाईत पुढेच झाली. जावयाचा नंबर पाठ नव्हता. पाठ होता फक्त आईच्या घरचा, आणि कार्यालयातून तो लावावा तर सारखा व्यस्त. शेवटी आईलाच पालक म्हणून आणायला शिपायाला रिक्षाने धाडलं. तोवर बाई कार्यालयाबाहेरच्या बाकावर, शिक्षा झालेल्या मुलांच्या शेजारी बसून राहिल्या. इतकं असहाय त्यांना कधी वाटलं नव्हतं.

आई काठी टेकत, धापा टाकत आली. मुख्याध्यापकांनी खुर्ची दिली, घसा खाकरला आणि रीतसर सुरुवात केली, "आजी, तुमच्या मुलीजवळ आज वर्गात फोन सापडला."

"जवळ होता तर उचलायचा कोणी?" म्हातारी लेकीवर उखडली. "तुझा जावई लावून लावून थकला, मग मला केला. मुलगी झालीय. दोघी बऱ्या आहेत."

बाईंनी टेबलाची कड घट्ट धरली. मग म्हातारी सरांकडे वळली.

"रागवा तिला, खुशाल रागवा. फक्त जरा बेताने. आत्ताच आजी झालीय ती."