एक करपलेला तुकडा बांधून दे

आपल्याकडे ग्रिल आहे आणि दामलेकाकांना बोलावलंय, असं झालं की आदल्या दिवशी त्यांचा फोन येतो. पाहुणा साधारण "काय घेऊन येऊ?" असं विचारतो. दामलेकाका विचारतात, "आंबट काय आहे?"

पहिल्यांदा हा प्रश्न आला तेव्हा मी गोंधळून "दही" म्हणाले. झालं! पुढचा अर्धा तास चौकशी. दही पनीरला लावणार की कोलंबीला? जिरं भाजून घालणार की कच्चं? मक्याच्या कणसावर लिंबू आधी पिळणार की खाताना? पुण्यात माझ्या लग्नाच्या बैठकीतही इतके प्रश्न विचारले गेले नव्हते.

"अगं, लिंबाहून वाईन कमी आंबट असली की नुसती पाण्यासारखी लागते. आणि तिखटाशी कडक रेड दिलीस तर तोंडात भांडणं लागतात. झणझणीत असेल तिथे किंचित गोड व्हाइट, रीसलिंग. आल्झो, आधी ताटाला विचारायचं, बाटलीला नंतर." आल्झो, म्हणजे जर्मनमधलं 'तर मग', हा त्यांचा श्वासच आहे. चाळीस वर्षं जर्मनीत, ब्राउनश्वाइगमध्ये काढल्यावर मिरजेच्या माणसाचाही होतो.

हो, मिरजेचा माणूस. ज्या घरात वैद्यांनी दिलेलं द्राक्षासवसुद्धा देवाकडे पाठ करून घेत, त्या घरातला. कारखान्यात इंजिनिअर म्हणून इकडे आले, इंग्रिडकाकूंशी लग्न केलं आणि इथेच मुरले. काकू मोझेल नदीकाठच्या, माहेरचे द्राक्षांचे मळे. त्या पूर्वी सगळीकडे यायच्या म्हणे. आम्ही आलो तोपर्यंत येणं बंद झालं होतं. काका एकटेच यायचे आणि "इंग्रिडला गर्दी नको वाटते" एवढंच सांगायचे.

येताना त्यांच्याकडे कापडी पिशवी असे. बाटल्या ओल्या टॉवेलात गुंडाळलेल्या आणि काचेचे पेले लोकरीच्या जुन्या मोज्यांत. एका मोज्यात एक पेला. मोजे धुतलेले आहेत का, हे विचारायचं धैर्य आमच्यापैकी कोणालाच झालं नाही.

मग परीक्षा सुरू. आधी एक घास, मग एक घोट, मग पुन्हा घास. "सांगा आता. खरं सांगा. 'छान' हा शब्द नको." माझा नवरा निखिल एकदा वैतागून म्हणाला, "काका, नव्या माठातल्या पाण्यासारखं लागतंय." काका इतके खूश झाले की त्यांनी त्याला उरलेली बाटली बक्षीस दिली. स्वतः मात्र अर्धा घोट. गाडी चालवायची असते ना!

इथवर सगळं मी छंद म्हणून सोडून दिलं असतं. पण निघताना काका स्टीलचा डबा पुढे करायचे. "एक तुकडा बांधून दे. जास्त करपलेला असेल तो." त्याच्यासोबत एका छोट्या बरणीत तीच वाईन. चांगलं पनीर दिलं तर परत करायचे आणि काळा झालेला कोपरा मागून घ्यायचे. इथल्या मराठी मंडळात कोणी त्यांना चिक्कू म्हणे, कोणी विक्षिप्त. मला वाटायचं, कुत्रा पाळला असेल. "कुत्र्याला वाईन?" निखिल म्हणाला. आणि कोडं सुटलं नाही की मला स्वस्थ बसवत नाही.

एका रविवारी काका एक पेला विसरून गेले. मोज्यासकट. मी लगोलग तो पोचवायला निघाले, आणि खोटं कशाला बोलू, पेला हे निमित्त होतं.

दार उघडंच होतं. स्वयंपाकघरात इंग्रिडकाकू टेबलाशी डोळे मिटून बसल्या होत्या आणि माझ्या घरचं करपलेलं पनीर चावत होत्या. काका बरणीतली वाईन पेल्यात ओतून उभे होते. काकूंनी घोट घेतला. काकांनी विचारलं, "मग?"

काकूंनी मान हलवली. "नाही."

मला पाहून काका ओशाळले, मग मला पाणी द्यायला नळाकडे वळले आणि हळूच सांगू लागले. दोनेक वर्षांपूर्वी काकूंना मोठा ताप आला. ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला. वासाबरोबर चवही. वरणभात आणि पुठ्ठा सारखाच. डॉक्टर म्हणाले, उग्र वास देत राहा, परत येईल किंवा येणारही नाही.

"धुरापेक्षा उग्र मला काही सुचलं नाही बघ. आणि प्रत्येक घरचा मसाला वेगळा. कोणाच्या तरी हाताने दार उघडेल." काका नळ बंद करायचं विसरले होते. "हे वाईनचं सगळं तिचंच गं. मला घोट घोट शिकवलं तिने. आता तिलाच... एकदा मला बरं वाटावं म्हणून 'छान आहे' म्हणाली. मला कळलं. तेव्हापासून तो शब्द नको."

मी नळ बंद केला आणि टेबलाशी येऊन काकूंना म्हटलं, "पुढच्या रविवारी तुम्हीच या. डब्यात धूर कसा राहील?"

त्या आल्या. आमच्या भाड्याच्या बागेत, सफरचंदाच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसल्या. भरतासाठी मी वांगी थेट निखाऱ्यांवर ठेवली होती आणि काका कोणती बाटली उघडतात हे बघण्याच्या नादात ती तिथेच राहिली. आतपर्यंत काळी. तरी सोलली, कुस्करली, लसूण-मिरची घातली, वर कच्चं तेल सोडलं. काकांनी हलकी रेड काढली, श्पेटबुर्गुंडर. "हिच्यातही जरासा धूर असतो," ते म्हणाले.

काकूंनी घास घेतला. घोट घेतला. पुन्हा घास. आम्ही सगळे झाडाकडे बघत असल्यासारखं करत होतो. काकूंनी चमचा खाली ठेवला, कपाळाला आठ्या घातल्या आणि मिरजेच्या सासूकडून उचललेल्या ठसक्यात म्हणाल्या, "करपलंय."

मी ओशाळून म्हणाले, "हो काकू, माझं लक्षच नव्हतं, मी दुसरं..."

"थांब," काका म्हणाले. "काय म्हणालीस, इंग्रिड? परत म्हण."

"करपलंय, अरविंद! वांगं करपलंय. तुला वास नाही येत?"

काका वळले आणि चिमट्याने ग्रिलवरची कणसं परतत राहिले. ग्रिलवर एकच कणीस होतं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि धुराचं निमित्त होतं म्हणून मी ते पुसलंही नाही.

बऱ्याच वेळाने ते परत आले. खिशातून गाडीची किल्ली काढून त्यांनी निखिलच्या हातावर ठेवली. मग पिशवीतला शेवटचा मोजा उलटा करून पेला काढला आणि काकूंपुढे धरला.

"आता मला भर," ते म्हणाले. "पूर्ण."