खोटारडा मीटर

आठवड्यातल्या तिसऱ्या सकाळी मोटारसायकलीनं नुसतं 'टक्' केलं, तेव्हा बाईंनी पर्स हँडलला अडकवली आणि जाहीर केलं, "चार्जिंग गेलंय."

बाई म्हणजे विज्ञानाच्या बाई. बावीस वर्षं त्या शाळेत विद्युतधारा शिकवत होत्या. आणि त्या विद्युतधारेवर अजून कुणाच्या घरचा दिवा लागलेला नाही, असं त्यांच्या नवऱ्याचं मत होतं.

"बॅटरी उतरली असेल," तो जिन्यावरून म्हणाला.

"उतरणारच ना! भरणाराच कामचुकार निघाला तर काय होणार? अहो, इंजिन फिरलं की आतली कॉइल वीज तयार करते. ती असते अवखळ. मग रेग्युलेटर तिला सरळ करतो, आवरतो आणि बॅटरीत पाठवतो."

"म्हणजे रेग्युलेटर म्हणजे तू," असं म्हणून नवरा बस पकडायला पळाला.

गाडी आप्पांची, म्हणजे बाईंच्या वडिलांची. कारखान्यात लेथवर उभं राहून कमावलेल्या पैशांतून त्यांनी ती घेतली आणि तीस वर्षं पोटच्या पोरासारखी सांभाळली. आधी गाडीची किक मोडली, मग त्यांचे गुडघे रुसले, तेव्हा त्यांनी किल्ली दिली ती मुलाला नाही, मुलीला. हे दादाला, बाईंच्या थोरल्या भावाला, अजून पचलेलं नव्हतं. "तुला नाही झेपायची ती," तो दर फोनला म्हणे. "मी गिऱ्हाईक बघून ठेवलंय. येत्या रविवारी आप्पांना घेऊन येतो. चालू असली तर तुझी, नाहीतर दुपारी गिऱ्हाईक घेऊन जाईल."  आप्पांनी फक्त रविवारी आपलं हेल्मेट घेऊन येतो, असा निरोप पाठवला होता. पुलापर्यंत एक चक्कर मारायची, मागे बसून का होईना.

आज बुधवार होता.

संध्याकाळी बाई बॅटरीवाल्याकडून बॅटरी भरून घेऊन आल्या. "बॅटरी टकाटक आहे हो," तो म्हणाला होता, आणि बाईंना हायसं वाटलं. दोष बॅटरीतच निघाला असता तर चार्जिंग दुरुस्त करायची संधी हुकली असती.

गाडी जिन्याखाली उभी असे आणि तिथे भर दुपारीही अंधार. म्हणून गेल्याच रविवारी बाईंनी एक सोय केली होती. भंगारात निघालेल्या फ्रिजच्या दाराचं बटण आणि पार्किंगचा एक छोटा बल्ब घेऊन त्यांनी सीटखाली दिवा बसवला होता, थेट बॅटरीवर. सीट उचलली की दिवा लागणार, फ्रिजसारखा. आल्यागेल्याला बाई सीट उचलून दाखवत आणि लोक चहाचे उपकार स्मरून "वा" म्हणत. या आठवड्यात गाडी तीनदा मेली, पण सीट उचलली की तो दिवा इमानानं मिणमिणत होताच. बाईंना भरून येई. घरात काहीतरी तरी आपण केलेलं चालतंय.

सासूबाई नेहमीप्रमाणे जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर लसूण सोलत बसल्या होत्या. तिथे वारा लागतो, असं त्या म्हणत. खरं म्हणजे तिथून सगळं दिसे.

"अगं, मी काय म्हणते, हा जो तुझा–"

"आई, एक मिनिट, मी मोजतेय."

बाईंनी शाळेच्या प्रयोगशाळेतला मीटर आणला होता. इंजिन चालू करून त्यांनी त्याच्या काड्या बॅटरीला टेकवल्या. मीटरनं दाखवलं चौदा पूर्णांक दोन.

चौदा पूर्णांक दोन म्हणजे चार्जिंग ठणठणीत. आठवीतल्या पोरानंही हे सांगितलं असतं. पण बाईंची नजर मीटरवर तशी स्थिरावली, जशी शेवटच्या बाकावरच्या मुलानं अचानक बरोबर उत्तर दिलं की स्थिरावते. कुणाचं बघून लिहिलंस रे?

"हा मीटर खोटं बोलतोय," त्या म्हणाल्या. "पोरांनी वाट लावलीय त्याची." आणि त्यांनी कागदाच्या चिठ्ठीवर 'नादुरुस्त' असं ठळक लिहून मीटरच्या पाठीवर चिकटवलं.

मग त्यांनी दादाला फोन लावला. दादाला विचारणं जिवावर आलं होतं, पण त्यानं तरुणपणी आप्पांच्या हाताखाली गाडीचे पाने धरलेले होते.

"सोप्पं आहे," दादा म्हणाला. "गाडी चालू ठेव आणि बॅटरीची वायर काढ. गाडी चालूच राहिली तर चार्जिंग चांगलं. बंद पडली तर गेलं."

"असं चालतं?"

"आप्पा असंच करायचे. तुमच्या पुस्तकात नसेल, म्हणून काय झालं!"

पुस्तकाचं नाव निघताच बाईंनी पाना उचलला आणि चालू गाडीवर वायर काढली.

हेडलाइट एकदम असा भडकला की समोरच्या भिंतीवरची पाल जागच्या जागी दोनदा वळली. मग 'फट्' झालं. जळकट वास आला, इंजिननं दोन आचके दिले आणि सगळं शांत झालं. थेट बॅटरीवर असलेला सीटखालचा दिवा तेवढा तेवत राहिला.

"बंद पडली!" बाई आनंदानं ओरडल्या. "म्हटलं नव्हतं? चार्जिंगच गेलंय!"

वायर लावून त्यांनी गाडी पुन्हा चालू केली आणि 'नादुरुस्त' मीटरनं पुन्हा मोजलं. बारा, आणि काटा हळूहळू खालीच चाललेला. आता मात्र मीटर खरं बोलत होता. सायंकाळी साडेसहाला धडधाकट असलेली चार्जिंग यंत्रणा पावणेसातला बाईंच्या निदानाबरहुकूम बिघडली होती.

"अगं, मी म्हणत होते–" सासूबाई.

"आई, वास येतोय म्हणताय ना? रेग्युलेटरचा आहे."

गुरुवारी शाळा सुटल्यावर बाई स्पेअर पार्टच्या दुकानात गेल्या. जळका रेग्युलेटर त्यांनी काउंटरवर ठेवला. दुकानदारानं तो नाकाशी नेला.

"चालू गाडीवर बॅटरी काढली होती का कुणी?"

"छे!"

"मेकॅनिक कोण आहे तुमचा?"

"का?"

"बदला त्याला."

बाईंनी नवा रेग्युलेटर आणि हेडलाइटचा बल्ब पिशवीत टाकला आणि त्या मेकॅनिकची बाजू न घेता निघून आल्या.

शुक्रवारी बॅटरी पुन्हा भरून आणली. शनिवारी दुपारी बाईंनी दोन बोल्ट, एक जोडणी आणि तीन नखं खर्ची घालून रेग्युलेटर बसवला, मग बॅटरी लावली. मीटर म्हणाला, चौदा पूर्णांक दोन. या वेळी त्यांचा त्याच्यावर पूर्ण विश्वास बसला. त्यांनी गल्लीत दोन फेऱ्या मारल्या, नवऱ्याला तिसऱ्या फेरीत मागे बसवलं, गाडी जिन्याखाली लावली आणि फडक्यानं पुसली.

"झाली हो," नवरा म्हणाला. त्याच्या आवाजात चक्क आदर होता. बाई रात्रभर त्या आदरावर सुखानं झोपल्या.

रविवारी दहा वाजता दादाची गाडी आली. आप्पा हेल्मेट घालूनच उतरले.

बाईंनी बटण दाबलं.

टक्.

पुन्हा दाबलं. या वेळी टक्सुद्धा नाही.

"राहू दे गं," दादा म्हणाला. जिंकल्यावर माणूस फार प्रेमळ होतो. "तू प्रयत्न केलास. मी करतो त्या गिऱ्हाइकाला फोन."

 आप्पा जवळ आले, टाकीवरून हात फिरवला आणि एक पाय कष्टानं पलीकडे टाकून मागे सीटवर बसले. नुसतेच. बाईंना कुठे बघावं कळेना.

"हां, आता विझला बघ," जिन्यावरून आवाज आला.

"काय विझलं, आई?" नवऱ्यानं विचारलं.

"तिचा दिवा. कुणी बसलं की विझतो, उतरलं की लागतो. रात्रंदिवस जळत असतो मेला. इथून फटीतून दिसतो ना मला." त्यांनी लसणाची पाकळी ताटलीत टाकली. "बुधवारपासून सांगतेय. पण ही सारखी काहीतरी मोजत असते. मग म्हटलं, असेल नवी पद्धत."

"आप्पा, जरा उतरता?" बाई खोल गेलेल्या आवाजात म्हणाल्या.

आप्पा उतरले. बाई सगळ्यांच्या देखत सासूबाईंशेजारी पायरीवर वाकून बसल्या आणि त्यांच्या उंचीवरून पाहिलं. सीटच्या कडेखालून उजेडाची एक बारीक, आनंदी रेघ बाहेर डोकावत होती. नुसत्या सीटच्या वजनानं फ्रिजचं बटण पुरतं दबत नव्हतं. त्याला वर माणूस लागत होता. बाई गाडी चालवत तेवढा वेळ दिवा बंद, आणि गाडी उभी राहिली की रात्रभर बॅटरी पिणं चालू.

"बसून दाखवा परत," दादा म्हणाला.

आप्पा बसले. रेघ गेली. नवरा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, पण त्याचे खांदे हलत होते.

"ढकलून होईल चालू," बाई उठत म्हणाल्या. चेहरा लपवायला त्यांनी हेल्मेट घातलं. "गल्लीला उतार आहे. आप्पा, तुम्ही उतरा, चालू झाली की बसा."

"मी नाही उतरणार," आप्पा गंभीरपणे म्हणाले. "उतरलो की दिवा लागतो."

तेव्हा गाडी विकायला आलेला दादा आणि खांदे हलवणारा नवरा अशा दोघांनी मिळून दोन माणसांसकट ती गाडी गल्लीभर ढकलली. "क्लच सोड! सोड क्लच!" दादा धापा टाकत ओरडला. बाईंनी क्लच सोडला. गाडीनं एक गचका दिला, खोकली आणि धडधडू लागली. मागे वळून पाहिलं तेव्हा दादा कमरेवर हात ठेवून रस्त्यात वाकला होता, आणि हसतही होता.

पुलापाशी बाईंनी गाडी थांबवली, इंजिन मात्र चालू ठेवलं.

"आवाज बरा आहे," आप्पा म्हणाले. "काय काय बदललंस?"

"रेग्युलेटर. जळला होता."

"कशानं?"

बाई नदीकडे बघत राहिल्या.

"चालू गाडीवर वायर काढलीस ना?"

"दादानं सांगितलं," बाई पुटपुटल्या. पन्नाशीला टेकलेल्या बाईंच्या तोंडून हे वाक्य चाळीस वर्षांनी निघालं होतं, त्याच सुरात.

"त्याला मीच शिकवलं होतं ते." आप्पांनी हेल्मेटची काच खाली केली. "तीन रेग्युलेटर जाळले मी. मला वाटायचं, कंपनीच खराब माल देते."

बाई आणि आप्पा घरी परतले तेव्हा सासूबाई लोखंडी खलबत्ता मांडीवर घेऊन पायरीवर वाट बघत होत्या. आप्पा उतरताच त्यांनी तो सीटच्या बरोबर मध्यभागी ठेवला, वाकून फटीत पाहिलं आणि पुन्हा लसणाकडे वळल्या.

सोमवारी बाईंनी मीटर प्रयोगशाळेत परत ठेवला. ठेवण्याआधी त्याच्या पाठीवरची 'नादुरुस्त' ही चिठ्ठी नखानं सोडवली. तिला अजून डिंक होता. फेकून देणं जिवावर आलं म्हणून त्यांनी ती इकडे तिकडे फिरवली आणि शेवटी आपल्या धड्यांच्या टाचणवहीवर, नावाच्या बरोबर खाली, चिकटवून टाकली.