मार्थासिस्टर आणि अख्खा माणूस

मार्थासिस्टर पहिल्यांदा आमच्या घरी आल्या तेव्हा त्यांनी दारात पांढरे कॅनव्हासचे बूट काढले, पदर खोचला आणि थेट मोरीत शिरल्या. मी आपला 'या, बसा' म्हणत हात जोडून उभा. आतून आवाज आला, "साबन कोरडा हाय." मग त्या स्वयंपाकघरात गेल्या. एकेक डबा उघडून वास घेतला. चहाच्या पातेल्यात बघितलं. पुन्हा दाराशी येऊन आमच्या चपलांकडे निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "पावनंरावळं येत न्हाई वाटतं कुनी."

मला रागच आला. मी म्हणालो, "सिस्टर, पेशंट त्या खोलीत आहे."

"आसू दे की. पेशंट कुठं पळून चाललाय? आदी घर बगू."

आता मी कोण ते सांगतो. श्रीरामपूरच्या एसटी स्टँडावर मी कंट्रोलर होतो. म्हणजे काचेच्या केबिनमध्ये बसून माईकवरून 'नेवासा-शेवगाव फलाटावर लागलेली आहे' असं सांगणारा माणूस. उभी हयात बोलण्यात गेली आणि आपलं कुणी ऐकत नाही हे मला कधी कळलंच नाही, कारण केबिनची काच बंद असायची.

आजारी होती माझी बायको, मंगल. ताप नाही, खोकला नाही. नुसती बसून राहायची. मांडीवर टॉवेल घ्यायची, घडी घालायची, मोडायची, पुन्हा घालायची. विचारलं तर म्हणायची, "काही होत नाही मला. काहीच होत नाही." आणि ही बाई कोण? तर आठवडे बाजारात जिला लांबून येताना बघून कोथिंबीरवाले चांगल्या जुड्या पोत्याखाली सारायचे, ती. भाव पाडून घ्यायचा, वर कढीपत्ता फुकट घ्यायचा आणि जाताना त्याच माणसाला 'पोरं बरी आहेत का रे' विचारायचं, ही तिची रीत. ती एक दिवस बाजारातून सांगतील त्या भावाने भाजी घेऊन आली. त्या दिवशी मी घाबरलो. घरात बायको होती आणि घर रिकामं वाटत होतं.

आधी टॉनिक झालं. मग माझी धाकटी बहीण पुष्पा राहुरीहून आली आणि वहिनीच्या मनगटाला काळा दोरा बांधून गेली. शेवटी मी तिला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं, तेही अंधार पडल्यावर, तोंडाला रुमाल बांधून. रुमाल मी बांधला होता, मंगलने नाही.

डॉक्टर तरुण, शांत. त्यांनी रक्त तपासायला लावलं. थायरॉईड निघालं, रक्त कमी निघालं आणि डिप्रेशन तर होतंच. म्हणाले, "गोळ्या मी देतो. बाकीचं आमच्या सिस्टर बघतील."

"बाकीचं म्हणजे काय?"

"म्हणजे तुम्ही," डॉक्टर म्हणाले.

तर अशा ह्या सिस्टर. बुटक्या, साठी ओलांडलेल्या, आवाज खणखणीत. सगळी नोकरी मनोरुग्णांच्या वॉर्डात झाली. रिटायर झाल्यावर ह्या डॉक्टरांनी त्यांना ठेवून घेतलं की त्यांनी डॉक्टरांना, हे मला अजून कळलेलं नाही. डॉक्टर जेवल्याशिवाय त्या दुपारचा पेशंट आत सोडत नाहीत. "उपाशी मानूस दुसऱ्याचं दुःख काय ऐकनार," म्हणतात आणि केबिनच्या दाराशी स्टूल टाकून बसतात. रिक्षात बसल्या तर आधी रिक्षावाल्याला विचारतात, रात्री कितीला झोपतोस, तंबाखू कधीपासून. स्टँडपासून चर्चपर्यंत जाईतो त्याची अख्खी हिस्टरी निघालेली असते.

त्या दिवशी घर बघून झाल्यावर त्या मंगलजवळ बसल्या, तिचा हात हातात घेतला आणि एकेक बोट चोळत बसल्या. मला एवढी शांतता सोसत नाही. मी मंगलची सगळी कहाणी सांगायला सुरुवात केली. त्यांनी मला मध्येच तोडलं.

"कंट्रोलर सायेब, तुमी रिटायर कदी झालात?"

"दिवाळीला."

"आन् हिचं हे कदीपासून?"

"संक्रांतीपासून."

"हां," सिस्टर म्हणाल्या.

मी म्हणालो, "हां म्हणजे काय?"

"तुमच्यामुळं झालं आसं न्हाई म्हनत मी. आजार हाय त्यो, शुगर-बीपीसारखा. पर दिवसभर घरात कोन बोलतं?"

मी बोलायचो. खरं सांगायचं तर रिटायर झाल्यावर मी घराचंच वेळापत्रक लावलं होतं. चहा अमुक वाजता, केर तमुक वाजता, कुकरच्या शिट्ट्यांवरसुद्धा माझं लक्ष. मला वाटायचं, मी मदत करतोय.

"डोकं एकटं आजारी पडत न्हाई," सिस्टर म्हणाल्या. "त्याच्यासंगं झोप पडती, पोट पडतं, पाय पडत्यात, नवरा पडतो. मानूस अख्खा बगावा लागतो." आणि मग त्यांनी जी औषधयोजना सांगितली, त्यात गोळ्या तेवढ्या मंगलला होत्या. बाकी सगळं पथ्य मला.

पहाटे कॅनॉलच्या कडेने दोघांनी फिरायला जायचं आणि जाताना-येताना मी तोंड उघडायचं नाही. सकाळची भाकरी मी करायची. मी म्हणालो, मला येत नाही. "मग करपलेली खावा. पर तिला च्यावर जगू द्यायचं न्हाई." दुपारी गच्चीवर ऊन घ्यायचं. शेजारच्या शेखभाभींना सिस्टरांनी परस्पर सांगून टाकलं की रोज दुपारी भाजी निवडायला इकडंच या. मी त्यांना बाजूला घेऊन म्हणालो, "सिस्टर, अशाने सगळ्या गल्लीला कळेल. लोकांना आम्ही नुसतं थायरॉईड सांगितलंय."

"तुमी थायरॉईडच सांगा. मेथी निवडायला कारन लागत न्हाई."

मग त्यांनी देव्हाऱ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ह्या प्रार्थना करायला लावतात की काय. तर त्यांनी विचारलं, "देव कोनता तुमचा?"

"खंडोबा."

"दिवा कोन लावतं?"

"ती लावायची."

"आता तुमी लावा. तिनं नुसतं शेजारी बसायचं." जाता जाता मंगलच्या मनगटावरचा दोरा बोटाने चाचपला. मी ओशाळलो. सिस्टर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. दोऱ्याचा आन् गोळीचा काय वैरभाव न्हाई. फकस्त गोळी चुकायची न्हाई."

दर आठवड्याला त्या यायच्या. मोरी, डबे, चपला, मग मंगल; तिचे केससुद्धा विंचरून द्यायच्या. आमच्याकडेच जेवायच्या आणि माझ्या भाकरीला नावं ठेवायच्या. "ह्याचा नकाशा करून शाळेत लावा," एकदा म्हणाल्या, आणि मंगलच्या ओठाचा कोपरा हलला. मी भाकरी आणखी वाकडी करायला लागलो. जाताना दारात मला एकच प्रश्न असायचा. "भांडली का तुमाला?"

"नाही हो."

"मग आजून येळ हाय."

मध्ये मला अवदसा आठवली. मंगल जरा बरी दिसायला लागली, रात्री झोपायला लागली, तेव्हा मी म्हणालो, आता गोळ्या पुरे करू. सिस्टरांनी मला अंगणात उभं केलं. "विहिरीत पडलेला मानूस अर्धा वर आला म्हनून दोर सोडत्यात का? डॉक्टर सांगतील तवा. तुमची शिट्टी एसटीला वाजवा." शेखभाभींच्या देखत झापलं मला. मी गोळ्यांच्या बाबतीत पुन्हा तोंड उघडलं नाही.

आणि मग तो दिवस उजाडला. मी भाकरी थापत होतो. मंगल उठून आली, काटवटीत बघितलं आणि म्हणाली, "अहो, पीठ काय फुकट येतं का? सरा बाजूला. एवढं सांडून ठेवलंय, आवरणार कोण, तुमचे पॅसेंजर?" अशी दहा-पंधरा मिनिटं तिने माझी हजेरी घेतली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी तसाच पिठाच्या हातांनी सिस्टरांना फोन लावला आणि म्हणालो, "भांडली." त्या पलीकडून इतक्या हसल्या की फोन कानापासून लांब धरावा लागला.

त्यानंतर काही महिन्यांनी डॉक्टरांनी गोळी कमी केली. सिस्टर आल्या, ह्या वेळी मोरीत गेल्या नाहीत. मंगलच्या हातचं पिठलं जेवल्या, बूट घातले आणि म्हणाल्या, "आता मी येनार न्हाई. दवाखान्यात तपासायला तुमी येत जा. आन् एक सांगते. रस्त्यात भेटले तर मी तुमाला वळख देनार न्हाई, राग मानू नका."

मंगल म्हणाली, "का हो?"

"माज्याशी कुनी बोललं की लोक इचारत्यात, हिला कसं काय वळखता? ज्याला त्याला ठावं हाय मी कुठली नर्स. बऱ्या झालेल्या मानसाला मान फिरवायला लागू नये. म्हनून मीच आदी फिरवते."

मला तर बरंच वाटलं. शहाणपणाची गोष्ट होती. मंगल मात्र दार लावून बराच वेळ तिथेच उभी राहिली.

आणि सिस्टर शब्दाला पक्क्या. बाजारात समोरासमोर गाठ पडली, तर त्या फ्लॉवरच्या गड्ड्याकडे असं बघत राहिल्या की जणू त्यालाच तपासायचं होतं. मंगलने हाक मारायला तोंड उघडलं, तोवर त्या पुढच्या गल्लीत. घरी येताना मंगल म्हणाली, "ज्या बाईने माझं डोकं विंचरलं, ती मला ओळखत नाही. हे काही मला पटत नाही." मी म्हणालो, त्यांचा नियमच आहे. "नियम गेला चुलीत," ती म्हणाली.

परवा आमच्या स्टँडावरच्या एका जुन्या सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं. त्याची बायको नर्स, त्यामुळे सिस्टरांनाही बोलावणं होतं. नेवासा रोडला मोठं कार्यालय, गर्दी म्हणाल तर तुफान. जेवणाच्या हॉलमध्ये ताट हातात घेऊन सिस्टर चालल्या होत्या आणि मी पहिल्यांदा नीट पाहिलं. त्यांची मान सारखी फिरत होती. ह्या टेबलावरून तिकडे, त्या टेबलावरून इकडे. आणि त्या जवळून गेल्या की कुणी मोबाईल काढायचं, कुणाला पोराचं नाक पुसायचं आठवायचं. ह्या बाईने ह्या हॉलमधल्या किती घरांचे डबे उघडले असतील. सिस्टर कोपऱ्यातल्या कूलरजवळच्या रिकाम्या टेबलावर एकट्या जाऊन बसल्या.

मंगलने माझ्याकडे पाहिलं. शेजारी पुष्पा होती, तिच्या सासरची चार माणसं होती; नवरामुलगा त्यांच्याच नात्यातला. मी हळूच म्हणालो, "मंगल, थायरॉईड."

ती ताट घेऊन उठली आणि सरळ कूलरकडे गेली. मी मागोमाग. पुष्पा माझ्या मागोमाग.

सिस्टरांनी मान फिरवली. मंगल दुसऱ्या बाजूने जाऊन पुढ्यात उभी राहिली.

"आवो बाई, तुमचा कायतरी घोळ होतोय," सिस्टर ताटाकडे बघत म्हणाल्या. "मी वळखत न्हाई तुमाला."

"नका ओळखू. मी ओळखते. सरका जरा."

मंगल त्यांच्या शेजारी बसली आणि पुष्पाला म्हणाली, तेही माझ्या माईकवरच्या आवाजात, "वन्सं, ह्या मार्थासिस्टर. मला मनाचा आजार झाला होता. थायरॉईड होतं, पण नुसतं थायरॉईड नव्हतं. ह्यांनी मला त्यातून काढलं. तुम्ही पण बसा." पुष्पाला काय करावं कळेना, म्हणून ती बसली.

सिस्टरांनी पुरीचा तुकडा तोडला आणि तो हातातच राहिला. मग अगदी हळू म्हणाल्या, "मंगल, मसालेभात आन गं थोडा. एकटीला उठून दुसऱ्यांदा घ्यायला लाज वाटती. कितीक लग्नांत आर्धी जेवूनच आले मी."

मंगल उठायच्या आत मीच त्यांचं ताट उचललं. भाताच्या रांगेत माझ्या शेजारी एक जाडजूड व्यापारी उभा होता. मघाशी सिस्टर जवळून गेल्या तेव्हा त्याने मोबाईल काढला होता. त्याने माझ्या हातातल्या ताटाकडे पाहिलं, कूलरकडे पाहिलं, आणि चिमट्याने दोन जिलब्या उचलून त्यात ठेवल्या.

"त्यांना कडक लागते," तो म्हणाला. "मऊ खात नाहीत."

"तुम्ही ओळखता का सिस्टरांना?" मी विचारलं.

त्याने मोबाईल खिशात टाकला, आपलं ताट घेतलं आणि म्हणाला, "चला, तिथं एक खुर्ची रिकामी आहे का बघू."