अंतोनचा थंडीचा सराव

अंतोन लोपीसला मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या कॅन्टीनच्या कोल्ड रूममध्ये. गोठवलेल्या कोंबड्यांच्या खोक्यांवर बसलेला. अंगात साधा शर्ट, डोळे मिटलेले, हात जोडलेले. ओठ निळे पडले होते, पण हलत होते.

ओमानमधल्या सोहारच्या एका पोलाद कारखान्यात मी एसी आणि फ्रीजचा मेकॅनिक. कोल्ड रूम नीट थंड होत नाही, म्हणून आचारी आठवडाभर माझ्या मागे लागला होता. मी गॅस तपासला, कॉम्प्रेसर तपासला, आणि शेवटी आत शिरलो तर बिघाड हा असा बसलेला.

"अहो, काय करताय इथे?"

"सराव," डोळे न उघडता तो म्हणाला. "दार लावून घ्या. थंडी जाते."

बाहेर जून महिना. रस्त्याचं डांबर बुटाला चिकटत होतं.

मग चहावर उलगडा झाला. अंतोन वसईजवळच्या गावातला, कारखान्यात सेफ्टी ऑफिसर. त्याला भारतीय लष्करात पाद्री व्हायचं होतं. अशी काही नोकरी असते हेच मला माहीत नव्हतं.

"पलटणीत पंडित असतो, मौलवी असतो, तसा पाद्रीही असतो," तो म्हणाला. "लढायचं नाही. जवानांजवळ राहायचं. आणि जवान राहणार बर्फात. मग मला थंडीची सवय नको?"

पाद्री होण्याचं सेमिनरीतलं शिक्षण त्याने जवळजवळ पुरं केलं होतं. दीक्षा तोंडावर आली असताना वडील अंथरुणाला खिळले, आणि घर चालवायला हा इथे आला. आता वडील राहिले नव्हते, बहीण मार्गी लागली होती, आणि बिशप त्याला परत घ्यायला तयार होते. उरलेलं शिक्षण, मग दीक्षा, मग भरती. माणसं फौजेतून सुटून गल्फमध्ये येतात. हा गल्फ सोडून फौजेत निघाला होता. त्यात भरतीच्या वयाची मर्यादा जवळ येत होती आणि पोट पुढे.

"सीमेवर हे चालणार नाही," हे त्याचं पालुपद. चहात साखर? सीमेवर चालणार नाही. मऊ उशी? सीमेवर चालणार नाही. लष्कराचे बूट जड असतात म्हणून पहाटे समुद्रकिनाऱ्यावर तो सेफ्टी शूज घालून धावायचा. एकदा पोलिसांची गाडी थांबली. पोलिसाने मोडक्या हिंदीत विचारलं, "सदीक, दोस्त, कौन पीछे आता?" अंतोन धापा टाकत म्हणाला, "पीछे कोई नहीं. आगे जाना है." पोलिसाने त्याला पाणी पाजलं आणि गाडीत घालून घरी आणून सोडलं.

माझ्याकडून तो गणपतीची आरती शिकला. "पलटणीच्या देवळात सगळ्यांच्या सणाला सगळे उभे राहतात. मला नुसतं उभं राहायचं नाही." आवाज असा, की शेजारच्या खोलीतून भिंतीवर थापा पडायच्या. रमजानात त्याने आमचे रत्नागिरीचे वेल्डर हनीफभाई यांच्याबरोबर रोजे धरले. भर उन्हात सेफ्टीवर भाषण देता देता चक्कर येऊन पडला, तेव्हा हनीफभाईंनीच हात जोडले. "बाबा, तू पाणी पी. अल्ला माफ करेल. मुदीर नाही करणार." मुदीर म्हणजे आमचा मॅनेजर.

आम्ही हसायचो. मग एका शुक्रवारी गावाहून फोन आला, हनीफभाईंचे अब्बा गेले. विमान मिळालं असतं तरी दफन त्याआधीच उरकणार होतं. हनीफभाई कॉटवर भिंतीकडे तोंड करून बसले. मी आपलं सुरू केलं: वय झालं होतं, सुटले बिचारे, सगळं वरच्याच्या हातात.

"तू उपदेश बंद कर आणि चहा टाक," अंतोन हळूच म्हणाला.

तो नुसता शेजारी जाऊन बसला. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "अब्बांच्या होडीचा रंग कुठला होता?"

"हिरवा," हनीफभाई म्हणाले. आणि मग बोलायलाच लागले. होडी, जाळी, अब्बांच्या शिव्या. दुपार सरली तेव्हा ते रडले, आणि मग थोडं जेवलेही.

परत येताना मी विचारलं, हे सेमिनरीत शिकवतात का?

"नाही," अंतोन म्हणाला. "माझा धाकटा भाऊ फौजेत होता. वर चौकीवर आजारी पडला. बर्फ इतका, की खाली आणता येईना. जवळपास पाद्री नव्हता. पलटणीचे पंडितजी त्याच्याजवळ बसले. त्याच्याच तोंडून त्यांनी आमची प्रार्थना ऐकून घेतली, आणि त्याला बोलता येईनासं झालं तेव्हा चुकतमाकत तीच म्हणत राहिले. शवपेटीबरोबर ते आमच्या घरी आले. आईला म्हणाले, माताजी, मुझसे एक-आध लाइन छूट गई होगी, माफ करना." तो चालत राहिला. "आई अजून त्यांच्या नावाने मेणबत्ती लावते."

त्या वर्षअखेर तो गेला. पुढे दीक्षा झाल्याचं कळलं. पहिल्या भरतीत धावण्यात नापास झाला. दुसऱ्या खेपेला, वय उलटायच्या बेतात असताना, पास. मग फोटो आला. बर्फात तिघे उभे, त्याच्या नव्या पलटणीचे पंडितजी, मौलवीसाहेब आणि मध्ये आमचा अंतोन. पोट कुठे गेलं देव जाणे. आता त्याला फादर म्हणायला हवं, पण जीभ वळत नाही.

मागच्या हिवाळ्यात एका शुक्रवारी त्याचा फोन आला. आवाज तुटत होता.

"काही काम होतं का रे?"

"काम नाही. इथे दिवसभर पोरं येऊन बोलतात. कुणाची बायको रुसलेली, कुणाची आई आजारी. मी ऐकतो. पण आपल्या भाषेत बोलायला कुणी नाही." मग म्हणाला, "मागे काय वाजतंय?"

"हनीफभाई सुरमई तळतायत."

"फोन जरा तव्याजवळ धरतोस?"

मी धरला. तुकडा तव्यात पडला, चुर्रर्र झालं. पलीकडून शब्द नाही, फक्त श्वास.

"ऐकू येतंय का?" मी विचारायला गेलो. हनीफभाईंनी ओठांवर बोट ठेवलं. मग फ्रीज उघडून दुसऱ्या दिवसासाठी ठेवलेले तुकडेही बाहेर काढले, आणि एकेक करून, सावकाश, तव्यात सोडत राहिले.