बिनगाठीच्या पिशव्या

या, असे पुढे सरकून बसा. कीर्तनाला अजून अवकाश आहे, पखवाजाला कणीक लावणं चाललं आहे. तोवर मोशीच्या अंबुबाईची गोष्ट ऐका. गोष्ट हसायची आहे. मध्येच एखाद्याला रडू आलंच, तर त्याने उपरण्याचं टोक खुशाल डोळ्याला लावावं. देवाच्या दारात कुणी कुणाकडे बघत नाही.

तर, ऐंशी सालच्या सुमाराला अंबुबाईच्या घरात एकही गाठ नव्हती. गाय दाव्याला बांधलेली नव्हती. तिला नुसतं ‘हितंच थांब गं बाई’ असं सांगून उभी केलेली होती, आणि गायीने ते शेजारच्या उद्धवरावांच्या कोथिंबिरीच्या वाफ्यापर्यंत पाळलं होतं. भाकरीचं फडकं गुंडाळायचं, बांधायचं नाही. पिठाच्या पोत्याचं तोंड आ वासलेलं. नवऱ्याच्या, म्हणजे सोपानरावांच्या पायजम्याची नाडी तेवढी या कायद्यातून सुटली, तीही बरंच भांडून.

“अगं, कंपनीच्या गेटवर कार्ड पंच करायचं असतंय मला! एका हातात पायजमा धरून करू व्हय?”

“बरं, मारा तेवढी,” अंबुबाई म्हणाली. “पण सैल मारा.”

कारण असं, की त्यांची एकुलती एक लेक इंद्रायणी पोटुशी होती. नदीकाठी जन्मली म्हणून नदीचंच नाव ठेवलेलं. आणि अंबुबाईच्या आजीचा दंडक होता की लेक बाळंत होऊन मोकळी होईस्तवर तिच्या आईने हाताने गाठ मारू नये, घरातही गाठ ठेवू नये. इकडे गाठ बसली की तिकडे लेक अडते. खरं-खोटं पांडुरंगाला ठाऊक. आईच्या जिवाने कशाकशावर विश्वास ठेवावा, याला काही माप नाही.

लेक दिली होती नारायणगावला. नाशिक रस्त्याने एस.टी.त बसलं की सरळ जाता येतं. पण लेकीचं गाव बसच्या अंतराने कधी मोजतात का? सासू धाडेल तेव्हा ते जवळ. आणि सासू छबूबाई धाडत नव्हती. पहिलं बाळंतपण माहेरी, ही जगाची रीत. पण सोपानराव दोनदा आणायला गेले आणि दोन्ही वेळा चहा पिऊन एकटेच परत आले.

“काय म्हन्ल्या?” अंबुबाई दारातच विचारी.

“म्हन्ल्या, बघू.”

“बघू म्हंजी?”

“आता त्या ‘बघू’ म्हंत्यात तवा माझ्याकडं बघत बी न्हाईत. मी काय इचारनार?”

मग अंबुबाई उंबऱ्यात बसून क्रोशाची सुई हातात घेई. तिथून रस्ता दिसे. नारायणगावची बस आली की सुई थांबे. बस गेली की चाले. दोरा होता सोपानरावांच्या कंपनीतला. मोठमोठी खोकी सुती दोरीने बांधून येत, आणि ती दोरी कापून मागच्या अंगाला जाळून टाकत. ते अंबुबाईच्या कानावर आलं. चांगली दोरी जाळायची? साहेबांची परवानगी काढून सोपानराव ती घरी आणू लागले. अंबुबाई तिचे पीळ सोडवी, बारीक दोरा काढी आणि पिशव्या विणी. भोसरीच्या शिवणवर्गात शिकली होती ती ही कला.

आणि पिशवी कशी? रिकामी असली की मुठीत मावे. भरायला लागलं की मायेसारखी वाढत जाई. एक वांगं घाला, त्याला पुरे. कलिंगड घाला, त्यालाही पुरे. बाजाराला तीच, कांदे टांगायला तीच, विहिरीत दुधाची चरवी सोडायला तीच. मळली की धुवायची. तेव्हा भोसरीचे दुकानदार नुकतेच प्लास्टिकच्या पिशव्या देऊ लागले होते, आणि नदीकाठच्या बाभळींना निळी-पिवळी फुलं यावीत तशा त्या लटकत. अंबुबाईला ते बघवत नसे. “एकदा वापरून टाकायचं? मग मानसाला तरी घरात कशाला ठेवतील?” असं ती म्हणे आणि पुन्हा रस्त्याकडे बघे.

फक्त एकच. क्रोशाच्या विणीत शेवटचा टाका गाठ मारून बंद करावा लागतो. अंबुबाई गाठ मारत नव्हती. शेवटचा फास ओढून ती नुसता विणीत खोवून ठेवी. लेक मोकळी झाली की सगळ्या पिशव्यांना एकदम गाठी मारायच्या, असा बेत. खुंट्यांवर पिशव्यांचे घोसच्या घोस लोंबत होते.

अशात विठ्ठलाच्या देवळातला सप्ताह आला. सोपानरावांनी काल्याच्या कीर्तनाला विहीणबाईंना आग्रहाचं आवतण धाडलं. घर बघतील, गाव बघतील, मन पाघळेल. आणि छबूबाई आल्या! उंच, ताठ, तोंडावर हसू नाही. इंद्रायणीला मात्र आणलं नव्हतं. अंबुबाईने बसमधून उतरणारं शेवटचं माणूस बघितलं, मग रिकाम्या दाराकडे बघितलं, आणि मग म्हणाली, “या ईनबाई.”

काल्याचं कीर्तन असं रंगलं की दहीहंडीच्या वेळी बुवांच्या डोळ्यांत पाणी. अंबुबाई देवळामागे महाप्रसादाच्या चुलीपाशी होती. तिला कीर्तन कर्ण्यातूनच ऐकू येत होतं. घरी न्यायला प्रत्येकाला नारळ आणि बुंदीचे लाडू द्यायचे होते. सप्ताह कमिटीचे उद्धवराव मोठ्या हौसेने प्लास्टिकच्या पिशव्या घेऊन आले होते. पण नारळाची शेंडी लागली की पिशवी फाटे, आणि नारळ घेणाऱ्याच्या पायावर. चार-पाच जण लंगडू लागले तशी कमिटीची बोलती बंद झाली.

सोपानरावांच्या डोक्यात वीज चमकली. ते पळत घरी गेले आणि पळत परत आले. इकडे चुलीपाशी अंबुबाईच्या कानावर कर्ण्यातून उद्धवरावांचा आवाज पडला:

“आपले सोपानराव यांच्या मंडळींनी स्वहस्ते विनलेल्या पिशव्या समद्यांना मिळतील! फाटनार न्हाईत, टाकायच्या न्हाईत!”

अंबुबाई हातातल्या उलथण्यासकट धावली.

“किती वाटल्या?”

“समद्या!” सोपानरावांची छाती फुगली होती. “ईनबाईंना पयली. लई खूश हायेत.”

“हसल्या?”

“न्हाई, पन घेतली.”

“अवो, त्यांना गाठ न्हाई!”

सोपानरावांची छाती जागेवर आली. “पिशव्यांना बी लागू हाय ते? मला वाटलं गाय आन् फडक्यापुरतंच हाय. मग मार की आता!”

“मारू? पोरीच्या जिवावर मारू?”

मग नवरा-बायको दोघं गर्दीत शिरले आणि दिसेल त्याला विनवू लागले, “खालून धरा हो! बंदाला धरू नका, पोटाखाली हात घाला!” मोशीतली सगळी मंडळी तान्ही पोरं घेतल्यासारखी पिशव्या पोटाशी धरून घराकडे निघाली. उद्धवराव मात्र कमिटीचे अध्यक्ष. ते कुणाचं ऐकतात? ते पिशवी बंदाला धरून झोकात निघाले. खोवलेलं टोक देवळाच्या फाटकाला अडकलं. चार पावलांत बंद गेला, आठ पावलांत काठ गेला, आणि नारळ उतारावरून थेट नदीकडे. तिकडे गोजाबाईने ओट्यावर ठेवलेल्या पिशवीचं टोक अंबुबाईच्या गायीने तोंडात घेतलं आणि ती रस्त्याने चालू लागली. गाय पुढे, मागे ओळीओळीने उसवणारी पिशवी, त्यामागे गोजाबाई.

“अंबुबाई, ही पिशवी हाय का भवरा गं?”

“दोरा तोडू नका! गुंडाळून ठेवा!” अंबुबाई लांबूनच ओरडली. तिचा जीव आता बसथांब्यावर होता. तिथे विहीणबाई उभ्या होत्या, आणि पिशवी त्यांनी बंदाला धरली होती.

“ईनबाई, जरा खालून धरता का?”

छबूबाईंनी भुवई वर केली. “पन्नाशी गाठली मी. आता पिशवी धरायची शिकवता मला?”

बस आली. विहीणबाई चढल्या. सोपानरावांनी अदबीने पिशवी वर दिली, आणि तेवढ्यात दोऱ्याचं टोक त्यांच्या सदऱ्याच्या गुंडीत अडकलं. बस निघाली. सोपानराव हात हलवीत होते, आणि त्यांच्या छातीतून दोरा निघून बसच्या खिडकीत चालला होता.

“आता गं? तोडू का?”

“तोडू नका! तोडला तर जोडायला गाठ मारावी लागंल!”

मग सोपानराव देवळातल्या गरुडासारखे हात जोडून उभे राहिले. दोरा चालला. एका पिशवीत दोरा तरी किती मावतो, हे मोशीला त्या दिवशी कळलं. बसमध्ये छबूबाईंच्या मुठीतला बंद आधी विरघळला, मग काठ. पिशवीचं पोट मांडीवर आटू लागलं. नारळ सीटखालून ड्रायव्हरच्या पायाशी गेला, लाडू चार गावच्या पाहुण्यांत विखुरले. कंडक्टर खंडूने वाकून बघितलं.

“मावशी, तुमची पिशवी चालली.”

“कुठं चालली?”

“मोशीला परत.”

त्याने घंटी ओढली. इंद्रायणीच्या पुलाअलीकडे बस थांबली आणि छबूबाई उतरल्या. पदर खोचला, दोऱ्याचं टोक हातात घेतलं आणि गुंडाळत-गुंडाळत मोशीकडे चालू लागल्या. गुंडा मोठा होत गेला, त्यांचा राग त्याहून मोठा. शेवटी दोरा संपला तेव्हा समोर सोपानरावांची गुंडी होती, आणि गुंडीमागे घाबरलेले सोपानराव.

“व्याही,” छबूबाई म्हणाल्या, “घरी चला.”

घरात अंबुबाई खाली मान घालून उभी होती. संपलंच सगळं, तिला वाटत होतं. आता लेक येत नाही. लेकीचा आवडता खरवस, तिच्यासाठी उन्हात घातलेली गोधडी, तेलाची बाटली... सगळं तसंच राहणार. छबूबाईंनी तो गुंडा तिच्यापुढे ठेवला.

“एवढी विनलीत. शेवटाला एक गाठ मारायला हात मोडला व्हता?”

सोपानरावांनीच बायकोकडे बघत, चाचरत सगळं सांगितलं: आजीचा दंडक, मोकळी गाय, पायजम्याची नाडीसुद्धा. आपली नाडी सांगायची काही गरज नव्हती, पण माणूस घाबरला की आत ठेवायचं तेही बाहेर काढतो.

छबूबाई हसल्या नाहीत. त्यांनी रिकाम्या खुंट्यांकडे बघितलं. मग हळूच खाली टेकल्या.

“कवापासून?”

“दिवस ऱ्हायल्याचं कळलं तवापासून,” अंबुबाई म्हणाली.

“गाय बी सोडली?”

“व्हय.”

“माझी आय मला जन्म देऊन गेली,” छबूबाई जमिनीकडे बघत म्हणाल्या. “चुलत्यानं वाढवलं, लगीन लावलं, आन् दार लावून घेतलं. माझी चारी बाळंतपनं सासरी. जळन फोडताना एक झालं. माहेरी नेऊन बाईचं काय करत्यात, मला ठावं न्हाई. लोकांच्या सुना जात्यात, हसत येत्यात, एवढंच बघितलं. जिथलं ठावं न्हाई तिथं पोर कशी धाडू? माझ्या घरी निदान मी हाय, आसं वाटायचं.”

चूल धुमसत होती. अंबुबाईने विचारलं ते एवढंच, “च्या टाकू का?”

“टाका. गूळ जास्त घाला.”

त्या दिवसानंतर मोशीकरांनी एकेक करून दोऱ्याचे गुंडे आणून दिले. गायीने चघळलेलासुद्धा आला. एक हातभर दोरा वाया गेला नाही. उद्धवरावांनी नारळ मागितला, तोही दिला. अंबुबाईने पुन्हा पहिल्यापासून विणायला घेतलं, आणि बस आली की पुन्हा सुई थांबू लागली.

आठवडा उलटला असेल. भर उन्हाची बस थांबली आणि तिच्यातून, पोट सांभाळत, इंद्रायणी उतरली. अंबुबाईचे पाय जमिनीला चिकटले. इतके महिने हाच क्षण मनात आणून-आणून झिजवला होता, आणि आता तो खरा आला तर तिला हलता येईना. लेक चालत आली. अंबुबाईने भाकरतुकडा ओवाळून टाकला. इंद्रायणीने आईला एक मिठी मारली आणि “आये, भूक लागलीय गं!” म्हणत ती तडक आत घुसली. माहेरवाशीण ती, तिला कोण अडवणार?

मग अंबुबाईने मान वर केली. अंगणात छबूबाई उभ्या होत्या. काखेत वळकटी.

“सोडायला आलासा? बसा की ईनबाई. परतीची बस...”

“परतीचं कोन म्हनलं?” छबूबाईंनी घसा खाकरला. “तिला तेल कसं लावता ते बघायचं हाय मला. शेक, धुरी... समदं बघते. बाळ झालं की बारशापतुर ऱ्हाते. तुमची काय हरकत...”

सोपानराव दारातून म्हणाले, “अवो, पर आमची खोली एक...” अंबुबाईने नुसतं वळून बघितलं, आणि सोपानरावांना गाय बघून यायची आठवण झाली.

पण छबूबाई पुढे येईनात. जी बाई परक्या रस्त्यावर दोरा गुंडाळत राणीसारखी चालली, ती उंबऱ्याअलीकडे वळकटी या काखेतून त्या काखेत करत उभी होती. माहेरच्या दारात पाऊल कसं टाकतात, हे पन्नाशीच्या बाईला माहीत नव्हतं.

अंबुबाई आत गेली. भाकरीचा दुसरा तुकडा मोडला, पाण्याचा तांब्या घेतला, आणि आपल्याहून मोठ्या विहिणीवरून लेकीसारखा ओवाळून टाकला.

“ये बाई,” ती म्हणाली. “उनात नको उभी राहू.”

ऐका, पखवाज लागला. आता उठायचं, पण उठता-उठता एक मागणं. सणावाराला तुमच्या घरी लेकी येतील, दारात तुकडे ओवाळले जातील. तेव्हा अंबुबाईला नाही आठवलंत तरी चालेल. तिला तिची लेक भेटली. छबूबाईला तेवढं आठवा.