पर्याय पाचवा : आईसोबत

माणूस जन्माला येताना त्याला कोणी काही विचारत नाही; तेव्हा निदान त्याच्या आईला तरी विचारावं, असं सरकारी आरोग्यसेवेने फार विचारान्ती ठरवलं. (विचार करायला समिती होती. समितीत सगळे पुरुष होते, पण प्रत्येकाला आई होती.) तेव्हापासून सरकारी प्रसूतिगृहात येणाऱ्या प्रत्येक गर्भवतीला, म्हणजे कागदोपत्री ‘लाभार्थी’ला, बाळंतपणाचे चार पर्याय समजावून सांगितले जातात. त्यासाठी एक समन्वयक नेमलेला असतो. या प्रसूतिगृहातल्या समन्वयकाला सगळे ‘पर्यायसाहेब’ म्हणत. तोंडावरच म्हणत, त्यामुळे तो मान आहे असं साहेबांनी धरून चालायचं ठरवलं होतं.

पर्याय पहिला: घरच्या घरी, सुईणीच्या मदतीने. (सुईणीचं पद मंजूर आहे. भरायचं राहिलं आहे.) दुसरा: कोमट पाण्याच्या हौदात. हौद वाजतगाजत आला होता, पण नळजोडणी दुसऱ्या खात्याकडे असल्यामुळे सध्या त्यात फाटक्या चादरी ठेवत. तिसरा: घरगुती वातावरणाची खोली. पडदे, मंद दिवा, आरामखुर्ची, सगळं होतं आणि ते वातावरण टिकून राहावं म्हणून खोलीला कुलूप होतं. चौथा: वॉर्ड.

शंभर टक्के लाभार्थी चौथा पर्याय स्वखुशीने निवडत. वॉर्डाच्या या लोकप्रियतेवर पर्यायसाहेबांनी एका परिषदेत निबंधही वाचला होता, आणि टाळ्या घेतल्या होत्या.

साहेबांच्या कामात नियम एकच, पण कडक: सल्ला द्यायचा नाही. “मग मी काय करू, साहेब?” असं कोणी विचारलं की म्हणायचं, “निवड सर्वस्वी तुमची आहे.” हे वाक्य ते इतक्या मायेने म्हणत की एखादीच्या डोळ्यांत पाणी येई. सवय इतकी अंगात मुरली होती की आज भाजी कोणती करू, असं बायकोने विचारलं तरी ते म्हणत, “निवड सर्वस्वी तुझी आहे.” मग पानात जे पडेल ते मुकाट्याने खात.

बायका मात्र पर्याय ऐकून घेत आणि शेवटी वेगळंच विचारत: “आई येईल ना माझ्याबरोबर आत?” हे चारांपैकी कशातच बसत नसल्यामुळे साहेब ते ‘इतर शंका’ या सदरात टाकत. प्रसूतिकक्षाच्या दारावर बोर्डच होता: ‘फक्त कर्मचारी व लाभार्थी यांना प्रवेश. नातेवाइकांनी बाहेर थांबावे. सहकार्याबद्दल आभार.’ मजकूर साहेबांचाच. आभाराची ओळ त्यांनी भांडून घालून घेतली होती, कारण माणुसकी म्हणून काही असतंच.

अशात साहेबांची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. नियमाप्रमाणे तीही साहेबांच्या टेबलासमोर बसली. साहेबांनी चष्मा लावला, घसा खाकरला आणि परक्या बाईला सांगावेत तसे चारही पर्याय सांगितले.

“बाबा, ते सगळं राहू दे,” ती म्हणाली. “आई माझ्याजवळ असेल ना? मला खूप भीती वाटते. बाकी मला काही नको.”

“निवड सर्वस्वी...” साहेबांच्या तोंडून निघून गेलं. मग त्यांनी लेकीचा चेहरा पाहिला आणि त्यांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. “हो,” ते म्हणाले, “असेल.” अख्ख्या नोकरीत त्यांनी दिलेलं हे पहिलं सरळ उत्तर, आणि तेही अधिकाराबाहेरचं.

एका दुपारी लेकीला कळा सुरू झाल्या. तिला आत नेलं आणि पाठोपाठ निघालेल्या बायकोला दारावरच्या आयाबाईंनी अडवलं.

“वहिनी, तुम्ही बाहेर. बोर्ड वाचा. साहेब, तुम्हीच लिहिलाय ना?”

आतून लेकीची हाक आली, “आई गं!” बायकोने साहेबांकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं तिने कधी पाहिलं नव्हतं. साहेब धावत अधीक्षकांकडे गेले. नियम समिती बदलते, आणि समिती लवकरच बसेल, असं अधीक्षक म्हणाले. समिती साहेबांना चांगली ठाऊक होती. तोवर नातवंड शाळेत गेलं असतं.

ते परत येऊन बोर्डासमोर उभे राहिले. बोर्ड त्यांचे आभार मानत होता. फक्त कर्मचारी व लाभार्थी. बायकोला कर्मचारी करायचं तर जाहिरात, मुलाखत, भरती. लाभार्थी करायला मात्र साहेबांची एक सही पुरे. साहेबांनी खिशातून शिक्का मारलेलं कोरं कार्ड काढलं आणि बायकोला तिथल्या तिथे गर्भवती म्हणून नोंदवून टाकलं. वय चोपन्न. महिना नववा. (त्याआधी आत घेत नाहीत.) पर्याय: चौथा, स्वखुशीने.

“अहो, डोकं ठिकाणावर आहे का?” बायको म्हणाली. “या वयात! बाहेर लोक काय म्हणतील?”

“लोक बाहेर राहतील. तू आत जाशील.”

आयाबाईंनी कार्ड पाहिलं, मग वहिनींचं पोट पाहिलं, मग पुन्हा कार्ड. कार्डावर शिक्का होता, पोटावर नव्हता. त्यांनी दार उघडलं.

हे आतल्या लेकींसाठी व्हरांड्यात थांबलेल्या समस्त आयांनी पाहिलं. “साहेब, मलाही दिवस गेलेत, लिहा,” एक म्हणाली. एक सासू पुढे आली. एक पंचाहत्तरीच्या आजी काठी टेकत आल्या आणि म्हणाल्या, “माझ्या दोन नाती आत आहेत. मला जुळं लिहा.” साहेब लिहीत सुटले. जो नियम मोडायची त्यांची छाती नव्हती, तो पाळता पाळता हात दुखून आले.

संध्याकाळच्या आत लेकीला मुलगी झाली. आईने शेवटपर्यंत तिचा हात सोडला नाही. साहेबांनी नातीचं पहिलं रडणं दाराबाहेरून ऐकलं आणि स्वतःही रडले. आत जाता आलं नाही, कारण ते कर्मचारी असले तरी टेबलावरचे, कक्षातले नव्हेत, आणि पुरुषाला गर्भवती नोंदवायची सोय अजून झालेली नाही. (तोही विचार त्यांनी करून पाहिला होता.)

आता निलंबन ठरलेलं, या भीतीने साहेबांना जेवण जाईना. वरून पत्र आलं ते अभिनंदनाचं. ‘प्रौढ व ज्येष्ठ गर्भवतींपर्यंत पोहोचण्यात’ हे प्रसूतिगृह सर्वांत पुढे असल्याचं आकडेवारीत दिसलं होतं. यांतल्या एकीचीही प्रसूती झाल्याची नोंद का नाही, अशी एक किरकोळ विचारणा होती. साहेबांनी कळवलं की निवड सर्वस्वी त्या लाभार्थींची होती. उत्तर समाधानकारक ठरलं. पुढे समिती बसली आणि पाचवा पर्याय मंजूर झाला: वॉर्डात, आईसोबत (आई गर्भवती असल्यास).

एका रविवारी नातीला मांडीवर घेऊन साहेब हे बायकोला कौतुकाने सांगत होते. ती दुपटी घड्या करत होती.

“अहो, पण तो बोर्ड एका खिळ्यावरच आहे ना?” ती म्हणाली. “काढूनच टाकायचा होता.”

साहेबांनी नातीचं टोपडं सारखं केलं. “सुचलंच नाही,” ते म्हणाले.

तुम्हाला हसू आलं असेल तर खुशाल हसा. फक्त अशाच एका दारावरच्या बोर्डासमोर तुम्हीही कधीतरी उभे होता, एवढं आठवा. आतून तुमच्या माणसाचा आवाज येत होता. खिळा तुम्हालाही दिसला नव्हता. तुम्ही बोर्ड नीट वाचलात, दोन पावलं मागे सरलात आणि शेजारच्याला हळूच विचारलंत, “आत कुणी ओळखीचं आहे का हो?”